रोटावरचा अंगठा

वावधनने गोफण्याला रोट दिला, त्या गुरुवारी माझ्या हातून एका बाईची आठ किलो दादर ज्वारी रव्यासारखी जाड निघाली. बाई ओरडली, मी तिच्यावर उलटी ओरडले. चूक माझीच होती, पण अशा वेळी जो आधी आवाज चढवतो त्याचं खरं धरतात. गिरणी चालू ठेवून मी मोबाइल बघत बसले होते, आणि मोबाइलात जे घडलं होतं त्याने माझं डोकंच फिरलं होतं.

मी बेबीबाई. प्रकाशा गावाच्या अलीकडे तापीकाठी आमचं गाव, गावात आमची पिठाची गिरणी. नवरा हिलाल केळीच्या शेतात असतो, गिरणी मी चालवते. तीस वर्षं झाली. कोणाच्या घरी पाहुणे आलेत, कोणाची सून वेगळी निघाली, कोणी रागाने जेवण सोडलंय, सगळं मला दळणावरून कळतं. म्हणून लोक मला संशयी म्हणतात. म्हणोत बापडे. माझा संशय तोवर दोनदाच चुकला होता, आणि त्यातल्या एका वेळेबद्दल मला अजूनही संशय आहे.

तर गोफण्या आणि वावधन काय प्रकरण आहे ते सांगते. दर गुरुवारी अकरा वाजता आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार पानांची चित्रकथा येते. गोफण्या हा तापीकाठचा गडी, त्याच्या गोफणीतला दगड कधी नेम चुकत नाही. वावधन म्हणजे वादळ. ही बाई पदर झटकते आणि असं वारं सुटतं की चोरट्या वाळूचे ट्रक उलटे होतात. दोघं बोलतात आपल्या अहिराणीत. दोन वर्षं झाली, दोघं मिळून वाईटांना झोडतात आणि मधल्या वेळात एकमेकांशी भांडतात. चित्रं काढणारा कोण, कोणाला ठाऊक नाही. कोपऱ्यात फक्त ‘तापीकाठ’ अशी सही. ग्रुपचा ॲडमिन नंदुरबारचा भूपेंद्र. तो म्हणतो, पानं ईमेलने येतात, नाव मलाही माहीत नाही. मला शंका आहे.

ग्रुपचं नाव ‘गोफण्याचे भाऊबंद’. सहाशे बारा माणसं. त्यात मीही आहे, पण बेबीबाई म्हणून नाही. तिथे माझं नाव ‘जय कानबाई’ आणि फोटो झेंडूच्या फुलाचा. फोन सुनेने, चारुलताने, घेऊन दिला, नाव आणि फूलही तिनेच टाकून दिलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई सुपरहिरोंची चित्रं बघते हे कळलं असतं तर दळणाला येणाऱ्या बाया महिनाभर हसल्या असत्या.

आता रोट. खान्देशाबाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. तिच्यासाठी गव्हाचे रोट करतात. गहू किलोने मोजायचा नाही, मुठीने मोजायचा. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. आणि तो रोट खायचा फक्त भाऊबंदांनी. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही. लग्न होऊन गेलेल्या पोटच्या लेकीलाही आमच्याकडे चालत नाही, ती दुसऱ्या कुळाची झाली. पुरणपोळी गावभर वाटा, पण रोट घरातच राहतो. उरला तर पुनवेच्या आत घरातच संपवायचा.

आणि त्या गुरुवारी चौथ्या पानावर वावधनने टोपलीखालून रोट काढून गोफण्याच्या हातावर ठेवला. तो तिच्याकडे बघतोय, ती खाली बघतेय, वारं थांबलंय. एवढंच चित्र.

ग्रुपवर जो धुरळा उडाला, विचारू नका.

खापर गावची रोशनी, कॉलेजात शिकते, तिने आधी अकरा लाल बदाम टाकले. मग लिहिलं, “मी दोन वर्षांपासून सांगतेय! प्रेम आहे, प्रेम!”

सारंगखेड्याचे शांतीलाल सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी लिहिलं, “रोट फक्त भाऊबंदांना देतात. म्हणजे गोफण्या तिचा भाऊबंद झाला. म्हणजे भाऊ. यापुढे भलतंसलतं दाखवाल तर मी ग्रुप सोडीन.” सर आजवर सात वेळा ग्रुप सोडून परत आलेत.

“गुपचूप लग्न केलं असेल, सर,” रोशनी म्हणाली.

“मग ती त्याच्या कुळात गेली. त्याच्या घरचा रोट तिने खायचा. तिच्या घरचा त्याने खायचा हे कुठलं उलटं शास्त्र?”

भूपेंद्र मध्ये पडला. “मंडळी, काढणारा पुण्या-मुंबईचा असणार. त्याला रोटाचं काय माहीत? चूक झाली, सोडून द्या.”

पण कोण सोडतंय! कोणी म्हणालं, लग्न झालं की वावधनचं वारं गेलं, आता ती भाकरी थापत बसणार. कोणी म्हणालं, परक्या घरचा रोट धरला, आता गोफण्याचा नेम चुकणार. एकाने तर भलतंच विचारलं, “सुपरहिरोला घड्याळ कशाला? दर मारामारीआधी हा घड्याळ काढतो, खिशात ठेवतो, खिशाचं बटण लावतो, मग गोफण उचलतो. तोवर चोर पळत कसा नाही?”

मीही तापले होते. मी लिहिलं, “रोट काय खिरापत आहे वाटायला? वावधनच्या घरात कोणी मोठं माणूस नाही का? तिला विचारायला नको?” त्यावर एकशे चाळीस जणांनी हात जोडले. मला बरं वाटलं.

तेवढ्यात रोशनीने विचारलं, “रोटाच्या मधोमध हा खळगा कसला आहे?”

“चित्र बिघडलं असेल,” भूपेंद्र म्हणाला.

मी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. रोटाच्या बरोब्बर मध्ये अंगठा दाबल्याची खूण होती. दादर जाड निघाली ती तेव्हा.

तो अंगठा माझा होता.

माझा एकुलता एक मुलगा, भाग्येश, चार वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून गेला. बत्तीस वर्षांचा होता. चारुलता तेव्हा एकोणतीस. मेलेल्या माणसाची मूठ धरत नाहीत, हे मला शिकवायला शांतीलाल सरांची गरज नाही. पण पहिल्या वर्षी हिलालची मूठ घातली आणि माझा हात आपोआप परत पोत्यात गेला. घातली मी त्याचीही सव्वा मूठ. कोणी काही बोललं नाही, म्हणून दर वर्षी घालत आले. त्या मुठीचा रोट वेगळा लाटायचा, आणि चुकून दुसऱ्या कोणी खाऊ नये म्हणून मधोमध अंगठा दाबायचा. मग तो टोपलीखाली ठेवायचा. पुनवेच्या आदल्या दिवशी बघावं तर टोपलीखाली काही नसायचं. मी समजायचे, चारूने खाल्ला. नवऱ्याचा रोट, तिच्याशिवाय कोणाचा हक्क? या एका गोष्टीने माझ्या जिवाला फार थंडावा होता.

ही खूण जगात तीन माणसांना माहीत. मी चित्रं काढत नाही. हिलालला तर बैलसुद्धा काढता येत नाही.

मग माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. चारू शहाद्याला एका शाळेत क्लार्क आहे. घरी आली की चहा घेऊन वरच्या खोलीत जाते. “शाळेचं काम आहे,” म्हणते. शाळेत असं काय काम असतं की रोज त्याला टॅबलेट लागतो आणि बोटाला काळं लागतं? इतकी वर्षं मी हिला एका छपराखाली बघतेय, आणि ही सहाशे बारा माणसांना दर गुरुवारी नाचवतेय! आधी मला हसू आलं, खोटं कशाला बोलू, जरा अभिमानही वाटला. मग आठवलं, चित्रात रोट कोणाच्या तरी हातावर आहे. चारूच्या मनात नसलेलं चारूच्या हातून उतरत नाही, एवढी मी तिला ओळखते. माझ्या पोराचा रोट हिने कोणाला दिला?

संध्याकाळी मी सापळा लावला. चारू स्वयंपाकघरात कणीक मळत होती, तिचा फोन ओट्यावर होता. मी ओसरीत बसून ‘जय कानबाई’ म्हणून ग्रुपवर लिहिलं, “तापीकाठ, खरा असशील तर सांग. तो रोट कोणाच्या मुठीचा?”

आत फोन वाजला. मी दाराआडून बघितलं. चारूने कोपराने फोन फिरवला, वाचलं, आणि मळणारे हात थांबले. मग तिने कणकेला अशा बुक्क्या घातल्या की त्या दिवशीच्या पोळ्या मऊसूत झाल्या.

“काय व चारू, कोना फोन शे?” मी विचारलं.

“शाळाना ग्रुप शे, आत्या.”

शाळेचा ग्रुप! बरं.

आता प्रश्न उरला गोफण्याचा. कोण असेल? शाळेतला कोणी मास्तर? बसमधला? शनिवारपर्यंत मी सात जणांवर संशय घेऊन झाले. त्यातला एक साठीचा निघाला, एक तर तिचा चुलत मामा.

शनिवारी हेमकांत आला. हा प्रकाशाचा, मोटर वाइंडिंगचं काम करतो. भाग्येशचा वर्गातला. कानबाईच्या आधीच्या आठवड्यात तो दर वर्षी येऊन आमची मोटर तपासून जातो, कारण रोटांच्या दळणाच्या दिवशी गिरणी बंद पडली तर गावाच्या शिव्या मला खाव्या लागतील. मी त्याच्यासाठी चहा घेऊन आले. तो मोटरीसमोर उकिडवा बसला. त्याने घड्याळ काढलं, शर्टाच्या खिशात ठेवलं, खिशाचं बटण लावलं. मग पकड उचलली.

दहा वर्षं मी हे बघतेय. मी त्याचा चहा त्याला द्यायचा सोडून हातातच धरला.

“हेमकांत,” मी म्हटलं, “तुमनाकडे कानबाई बठस का रे?”

“नई मावशी. आमनामा नई बठत.”

“मंग रोट कधी खादाच नई व्हई तू.”

त्याने वर बघितलं नाही. “नई खादा,” म्हणाला, आणि पकड त्याच्या हातातून निसटून लोखंडावर आपटली. ज्या माणसाच्या हातून दहा वर्षांत एक स्क्रू पडला नाही, त्याच्या हातून पकड पडली. खोटारडा, मी मनात म्हटलं. खाल्लंय आणि वर नाही म्हणतोय. घरात येऊन चहा पितो, मावशी म्हणतो, आणि माझ्या मेलेल्या पोराच्या वाटणीचं गिळून बसलाय.

मला किती राग आला म्हणून सांगू! आणि रागाच्या खाली भीती होती, तीही सांगते. चारू हेमकांतशी लग्न करून गेली तर ती दुसऱ्या घरची झाली. मग तिला आमचा रोट नाही. मग या घरात दोन म्हातारी माणसं आणि एक गिरणी. भाग्येशचं नाव रोज घेणारं दुसरं कोण उरेल? मी तिला सून म्हणून आणली होती, पण गेल्या चार वर्षांत तीच माझी लेक, तीच माझा लेक झाली होती. ती मला सोडून चालली होती, आणि ही बातमी मला सहाशे अकरा माणसांबरोबर वाचावी लागत होती.

चार-पाच दिवस मी चारूशी धड बोलले नाही. ती विचारायची, “आत्या, बरं नई का?” मी म्हणायची, “माले काय धाड भरनी?”

पुढचा गुरुवार उजाडला. सकाळपासून ग्रुपवर माणसं ताटकळत बसली होती. मी त्या दिवशी अकरा वाजता गिरणी चक्क बंद केली. अकरा वाजून दोन मिनिटांनी पानं आली.

पहिल्या पानावर गोफण्या रोट हातात धरून उभा. दुसऱ्या पानावर तो त्या खळग्यावर बोट ठेवून विचारतो, “हाई काय शे?” वावधन सांगते, ही खूण आहे, हा रोट एकाच्या नावाचा आहे, तो आता नाही. तिसऱ्या पानावर गोफण्या टोपलीकडे बघतो. सगळं पान नुसतं त्याच्या तोंडाचं. आणि चौथ्या पानावर तो रोट परत टोपलीखाली ठेवतो आणि म्हणतो, “मी नई खात. ज्याना नावना शे, त्यानी माय देई तरच खासू.”

खाली सही, तापीकाठ.

मी ते वाक्य वाचलं, परत वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. “नई खादा,” तो म्हणाला होता. खोटारडा नव्हता मेला. माझा संशय तिसऱ्यांदा चुकला होता.

ग्रुपवर तर आग लागली. रोशनीला रडू आवरेना, तसं तिने लिहिलंच होतं. शांतीलाल सर म्हणाले, “पोरगा संस्कारी आहे, मी आधीच ओळखलं होतं. पण कोणती माय देईल? रीत मोडून, पोटच्या पोराचा रोट परक्याला?”

“देईल, सर,” रोशनी म्हणाली.

“नाही देणार. मी चाळीस वर्षं माणसं पाहिली आहेत.”

“ही माय नवीन पात्र दिसते,” भूपेंद्र म्हणाला, “बहुतेक तीच खरी खलनायिका. आधीपासून टोपलीजवळ दबा धरून असणार. बघा, माझा अंदाज लिहून ठेवा.” आणि त्याने मतदान लावलं. माय रोट देईल की नाही? तासाभरात ‘नाही’ला तीनशे एकेचाळीस, ‘देईल’ला एकशे अठ्ठ्याण्णव. लोक त्या मायला काय काय बोलत होते! खडूस म्हणाले, जुनाट म्हणाले, पोराच्या नावावर सुनेला कोंडणारी म्हणाले. मी ते सगळं वाचलं. खलनायिका! तीस वर्षं मी या तालुक्याचं पीठ दळतेय.

मी मत दिलं नाही. जिच्यावर मतदान चाललंय तिने मत द्यायचं नसतं.

आणि मग माझ्या लक्षात आलं. माझ्या फोनात हे नाव कोणी टाकलं? झेंडूचं फूल कोणी लावलं? त्या ग्रुपात मला घातलं कोणी? चारूला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ‘जय कानबाई’ कोण ते. सहाशे अकरा जणांना वाटत होतं की चित्रं त्यांच्यासाठी आहेत. ही चार पानं तिने एकीसाठीच काढली होती. तोंडाने विचारायची हिंमत झाली नाही म्हणून कागदावर विचारलं होतं. आणि मी तिला म्हटलं होतं, माले काय धाड भरनी.

जेवताना हिलाल एकटाच समोर होता. चारू वर होती. मी विचारलं, “गया सालना टोपलीखालना रोट कोनी खादा?”

हिलाल वरणभात कालवत राहिला. “मी खादा.”

“तुम्ही?”

“पोर रोज टोपली उचलीसनी देखे आन परत ठेवी दे. तिना घशाखाले उतरे ना. पुनव उनी. वाया कसा जाऊ देऊ? मन्हा बी पोऱ्या व्हता ना तो.”

“तुमले समदं माहीत व्हतं? हेमकांतनं बी?”

“माले इतलंच माहीत व्हतं की पोर रडी ऱ्हायनी.” त्याने ताटातला शेवटचा घास संपवला आणि वर मला म्हणाला, “तुले मोबाइलमा सारं जग दिसस. घरमा बी देखत जाय.”

हिलाल वर्षात दहा वाक्यं बोलतो. त्यातली नऊ त्याने त्या दिवशी एका ताटावर संपवली.

शनिवारी गिरणी धुतली. रोटांच्या दळणाआधी धुवावीच लागते, आणि त्या दिवशी दुसरं धान्य त्यात पडू द्यायचं नाही. गावचे डबे यायच्या आधी पहिलं दळण आमचं. चारू सूप धरून उभी राहिली, मी पोत्यात हात घातला. हिलालच्या नावाची सव्वा मूठ सुपात पडली. मग हात परत पोत्यात गेला आणि तिथेच राहिला. मुठीत गहू होते. चारू सुपाकडे बघत होती. मला वाटलं, मूठ उघडून गहू पोत्यातच सोडून द्यावेत. चार वर्षं हे गहू घातले म्हणून माझा पोरगा मला थोडा तरी जिवंत वाटत होता. आता ही मूठ दुसऱ्याची केली तर तो पुरता गेला. मग वाटलं, आणि नाही केली तर ही जिवंत पोर जाईल, घरात राहूनच जाईल. आणि कानबाई? ती कोपली तर? कोपायचं तर माझ्यावर कोप बाई, मी म्हटलं, या दोघांना काही करू नको.

मी मूठ सुपात सोडली. वर पाव मूठ घातली.

चारूने चार वर्षांत पहिल्यांदा विचारलं, “कोना नावनी, आत्या?”

“आधी दळण व्हऊ दे,” मी म्हटलं. “गिरणीमा बोलानं नस.” असा काही नियम नाही. पण मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर ते मला दाखवायचं नव्हतं.

रविवारी कानबाई बसली, सोमवारी तिला तापीत पोचवून आलो. घरी येताच मी हेमकांतला फोन लावला. “मोटर आवाज करी ऱ्हायनी, लवकर ये.” मोटर अगदी झकास चालली होती. पण त्याला जेवायला ये म्हटलं असतं तर त्याने शंभर कारणं काढली असती. माणसं ओळखते मी.

अर्ध्या तासात तो अवजारांची पिशवी घेऊन हजर. “कोठे आवाज करी ऱ्हायनी, मावशी?”

“बठ आधी.”

मी पाट मांडला. ताटात गंगाफळाची भाजी, खीर, आणि टोपलीखालून काढून रोट ठेवला. माझ्या हाताने ठेवला. चारू आतल्या दाराला धरून उभी होती. हिलाल ओसरीत बसून सुपारी कातरत होता, कातरता कातरता थांबला.

हेमकांत ताटाकडे बघत राहिला. त्याने रोट उचलला, उलटा केला, परत सुलटा केला. मधोमध बोट फिरवलं. रोट सपाट होता.

“मावशी,” तो म्हणाला, “हाऊ तो नई. याले अंगठा नई.”

“नई दाबा.”

“काब्रं?”

“तो चुकीसनी कोनी खाऊ नये म्हनीसनी दाबू, जो येवाव नई त्यानासाठे. तू जित्ता शेस ना? मंग खूण कसाले?”

आतून चारूचा आवाज आला, रडण्याचा की हसण्याचा ते मला कळलं नाही, आणि त्या वेळी मी वळून बघितलंही नाही. “एक गोठ आयकी ठेव,” मी हेमकांतला म्हटलं. “लगीन करा, प्रकाशाले ऱ्हावा, कोठे बी ऱ्हावा. पन दर साल रोटले दोन्हीजन आठे, या घरमा येवानं. शांतीलाल सर काय म्हनतस ते मी देखसू.”

“कोन शांतीलाल सर?”

“तू खाय.”

त्याने घड्याळ काढलं, खिशात ठेवलं, खिशाचं बटण लावलं. मग रोटाचा तुकडा मोडला. तो पूर्ण खातो की नाही, हे मी शेवटच्या घासापर्यंत समोर बसून बघितलं.